अँटिक एअरगन घेताय? आधी नळीत छर्रा टाकून बघा

‘अँटिक आहे काका, लायसन लागत नाही.’ जुन्या एअरगनच्या व्यवहारात हे वाक्य कानावर आलं, की पैशांचं पाकीट खिशातच राहू द्या. मला हे ऐकवणाऱ्याने 38 हजार घेतले. 13 हजार आगाऊ यूपीआयवर, 25 हजार रोख, महामार्गावरच्या एका ढाब्याच्या पार्किंगमध्ये.

माल मात्र अस्सल होता, आणि खरी गोम तिथेच आहे. बीएसए एअरस्पोर्टर, बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची एअरगन. 1948 साली बाजारात आलेलं हे मॉडेल. नळीखालची लिव्हर खाली ओढली की स्प्रिंग ताणली जाते आणि त्याच झटक्यात वरचा छोटा टॅप आपोआप उघडतो. त्यात छर्रा टाकायचा, लिव्हर मिटली की टॅप बंद. छर्रा भरायला नळी मधून वाकवावी लागत नाही, म्हणून नेम हलत नाही. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचा बीएसएचा शिक्का स्पष्ट दिसत होता. संग्राहकाला भुरळ पडावी अशीच वस्तू. ‘संस्थानिकांच्या वाड्यातून निघाली’ ही पुरवणीही होतीच. प्रत्येक जुनी वस्तू कुठल्यातरी वाड्यातूनच निघते, भंगारवाल्याकडून कधीच नाही!

कागदांचा थाट तर विचारू नका. सोनेरी शिक्क्याचं ‘अँटिक प्रमाणपत्र’ आणि शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 ची झेरॉक्स. जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला कायदा लागू नाही, एवढ्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवलेला. त्याच्या खाली पान संपत होतं. मूळ कलमात वाक्य पुढे जातं: ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही वापरता येण्याजोगं नसलं पाहिजे. म्हणजे सूट आहे ती कायमच्या निकामी झालेल्या शस्त्राला. चालू स्थितीतल्या बंदुकीला, मग ती आजोबांच्या जन्माआधीची का असेना, हे कलम वाचवत नाही. नेमकी तेवढीच ओळ झेरॉक्सच्या काचेबाहेर ठेवलेली.

जाहिरातीत बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ‘वन सेव्हन सेव्हन’ लिहिलं होतं, म्हणजे 4.5 मिलिमीटर. सिलिंडरवर 177 हे आकडेही ठोकलेले. घरी भिंग लावल्यावर दिसलं, की दोन्ही साती एका रेषेत नाहीत आणि त्यांच्याभोवतीचा पत्रा घासून पुन्हा काळा केलाय. क्लबात नेमबाजी करणारा माझा एक मित्र आला, त्याने बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, नळी वर धरली आणि 4.5 चा छर्रा तोंडातून सोडला. टक्. थेट तळाशी टॅपवर जाऊन आपटला. बोअर बरोबर असतं, तर तो तोंडाशीच अडकायला हवा होता, कारण छर्ऱ्याचा मागचा घेर नळीच्या आट्यांत घट्ट बसावा असाच असतो. मग 5.5 चा छर्रा ठेवला. तो तोंडाशी नीट अडला.

‘भाऊ, ही टू टू आहे, म्हणजे 5.5 ची,’ मित्र म्हणाला. ‘आणि ही आत्ता तुझ्या घरात आहे.’

शस्त्र नियम, 2016 प्रमाणे एअरगनला परवान्यातून सूट आहे, पण ताकद 20 ज्यूलच्या आत आणि बोअर 4.5 मिलिमीटरपर्यंत, या दोन्ही अटी पाळल्या तरच. एक जरी ओलांडली, तरी परवाना हवा. विक्रेता म्हणत होता, ‘ताकद 20 ज्यूलच्या आतच आहे, कुठल्याही लॅबमध्ये मोजा.’ ते बहुधा खरंही असेल. जुन्या स्प्रिंगच्या बंदुका तेवढ्या जोरकस नसतातच. पण 5.5 चं बोअर तेवढ्याने 4.5 होत नाही.

या टोळीचं डोकं बघा. खोटा माल खपवला, तर गिऱ्हाईक तक्रार करतं. बेकायदा माल खपवला, तर गिऱ्हाईकच पोलिसांना घाबरतं. छर्ऱ्याची चाचणी झाल्यावर मी पैसे परत मागितले, तर लगेच दुसऱ्या नंबरवरून फोन. ‘क्राइम ब्रँचमधून बोलतोय. तुमच्याकडे विनापरवाना हत्यार आहे, कलम 25 लागेल. मिटवायचं असेल तर 40 हजार.’ बंदूक माझ्याकडे आहे हे विक्रेत्याला आणि मित्राला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला आणि वकिलांकडे गेलो.

वकीलबाई फारशा चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘विकू नका, परत पाठवू नका, विहिरीत तर अजिबात टाकू नका. तशाने तुम्हीच अडकाल.’ त्यांनी सविस्तर अर्ज लिहिला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, ती अर्धवट झेरॉक्स असं सगळं जोडलं आणि त्या स्वतः ठाण्यात बरोबर आल्या. ताब्यात ठेवणं कायदेशीर नसलेलं शस्त्र जवळच्या ठाण्यात जमा करण्याची तरतूद कलम 21 मध्ये आहे, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. बंदूक जमा झाली, पोच मिळाली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रारही घेतली गेली. ठाणे अंमलदारांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सोसावी लागली, एवढंच.

याच बाजारातला दुसरा आवडता माल म्हणजे ‘हिटलरच्या काळातली जर्मन डायना’ एअरगन. युद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नाव ब्रिटनकडे गेलं. स्कॉटलंडमधल्या मिलब्रो कंपनीने वर्षानुवर्षं डायना याच नावाने बंदुका काढल्या आणि मूळ जर्मन कारखान्याला बराच काळ ‘ओरिजिनल’ या नावावर भागवावं लागलं. त्यामुळे हिटलरच्या डायनावर ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ दिसलं, तर विक्रेत्याला हिटलर ग्लासगोला कधी राहायला गेला होता ते विचारा.

फोटो मागाल तेव्हा नळीच्या तोंडाला व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावलेला, वाचन दिसणारा फोटो मागा. माझ्या विक्रेत्याने आठ-दहा फोटो पाठवले होते, एकातही तोंड नव्हतं.

बँकेने 13 हजार गोठवलेत, रोखीच्या 25 हजारांचा पत्ता नाही. एअरस्पोर्टर ठाण्याच्या मुद्देमालात पडून आहे. तिचे तेच फोटो, दस्त्यावरच्या अर्धचंद्रासारख्या ओरखड्यासकट, परवा बेळगावच्या एका मित्राने मला पाठवले. नाव नवं, नंबर नवा, किंमत 52 हजार. आगाऊ रक्कम तेवढी तीच, 13 हजार.