जुन्यावरच चढवायचं की शेजारी नवा उभा करायचा?

बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री असो की निपाणी-खानापूरकडची पतसंस्था, मी जातो तिथं कोपऱ्यात एकच टॉवर सर्व्हर असतो. विंडोज सर्व्हर २०१२ आरटू, त्यावरच ॲक्टिव्ह डिरेक्टरी (युजर आणि पासवर्डांची मध्यवर्ती नोंद), डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा), शेअर फोल्डर आणि टॅलीचा डेटा. १० ऑक्टोबर २०२३ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. पैसे मोजून मिळणारे पॅचही (सुरक्षेच्या दुरुस्त्या) ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. बदलायचं तर आहेच, प्रश्न कसं एवढाच.

आहे त्याच मशीनवर नवी आवृत्ती चढवली की सर्व्हरचं नाव, शेअरचे पत्ते, टॅलीची वाट सगळं जागच्या जागी राहतं. यातलं खरं सुख तेवढंच. स्वस्त म्हणाल तर लायसन्स दोन्हीकडे घ्यावंच लागतं, आणि कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचे युजरमागचे परवाने, तेही नव्या आवृत्तीचे लागतात. कोटेशनमध्ये ही ओळ बघून सेक्रेटरींचा चेहरा उतरतो. २५ पर्यंत युजर असतील तर इसेन्शियल्स आवृत्तीची चौकशी करा, तिला कॅल लागत नाहीत. शिवाय २०१२ आरटूवरून थेट २०२२ वर उडी मारता येत नाही, मध्ये २०१६ किंवा २०१९ चा मुक्काम करावा लागतो. ॲडप्रेप, म्हणजे डिरेक्टरीला नव्या आवृत्तीसाठी तयार करणारी कमांड, तीही आधी हातानं चालवावी लागते. आणि निम्म्यावर लाइट गेली, यूपीएसनं दगा दिला, तर हातात उरतो फक्त बॅकअप. तो रिस्टोअर करून बघितलाय का कधी?

शेजारी नवा सर्व्हर उभा केला तर जुना चालूच राहतो. नवा डोमेनमध्ये (एकाच डिरेक्टरीखालच्या मशीन-युजरांच्या गटात) घ्या, डोमेन कंट्रोलर करा, म्हणजे डिरेक्टरी सांभाळायचं काम त्यालाही द्या; ॲडप्रेप विझार्ड स्वतःच उरकतो. मग पाचही एफएसएमओ रोल, म्हणजे एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं, नव्याकडे हलवा. काही फसलं तर नव्याला डिमोट करून (कंट्रोलरपद काढून) पुन्हा सुरुवात. नवं मशीन घ्यायला पैसे नसतील तर एखाद्या दणकट डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीन करून डिरेक्टरी तात्पुरती तिथं न्या, जुना डबा पुसा, पुन्हा त्यावर आणा. दोन रविवार जातात, पण रात्री झोप लागते.

दोन्ही वाटांवर एक खड्डा सारखाच. डोमेन २००३ च्या काळापासून चालत आलं असेल, तर सिसव्हॉल, म्हणजे डोमेनचे नियम आणि स्क्रिप्ट ठेवणारं सामायिक फोल्डर, अजून एफआरएस या जुन्या कॉपी-पद्धतीवर असू शकतं. सर्व्हर २०१९ पासून एफआरएस चालतच नाही. आधी डीएफएसआरमिग या कमांडनं ते डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्या. थेट २०२५ घ्यायचं मनात असेल तर डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या आवृत्तीच्या पातळीवर चालतं ते; सगळ्यांत जुन्या कंट्रोलरच्या वर ती जात नाही) २०१६ लागते, म्हणजे २०१२ आरटूच्या शेजारी ते थेट बसणारच नाही. म्हणून मी सध्या २०२२ सुचवतो. त्याला ऑक्टोबर २०३१ पर्यंत पॅच आहेत.

नव्या वाटेवर खरा वेळ खातो तो डीएनएस. प्रिंटर, हजेरीचं मशीन, शॉपवरचा जुना पीसी, सगळ्यांत जुन्याचाच आयपी हातानं भरलेला असतो. प्रत्येकाजवळ जाण्यापेक्षा जुना डिमोट झाल्यावर त्याचा आयपी नव्याला द्या. स्कॅनर मात्र रुसेल, कारण एसएमबी-१, म्हणजे शेअर फोल्डरशी बोलायची जुनी पद्धत, नव्या विंडोजमध्ये मुळात बंद असतं. ते चालू करू नका, स्कॅन मेलवर पाठवा.

मी एकाच ठिकाणी जुन्यावर चढवेन: ज्या सॉफ्टवेअरचा व्हेंडर आता फोन उचलत नाही आणि ते दुसरीकडे बसवणारं कोणी नाही. तेही पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची प्रत) काढून, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्यावरच.

बाकी सगळीकडे शेजारीच. फक्त शेअर आणि टॅली हलवून झाल्यावर जुना लगेच डिमोट करू नका. डीसीडायग आणि रेपॲडमिन (कंट्रोलरची तब्येत आणि आपसातली नक्कल तपासणाऱ्या कमांड) स्वच्छ आले की त्याला आठवडाभर नुसता बंद ठेवा, आणि कोणत्या टेबलावरून ओरड येते ते बघा.