ईबर्ड ॲप : शिकारीसाठी सोडलेल्या पक्ष्यांचा हिशेब

इंग्लंडमधल्या नॉरफोकला राहायला आल्यापासून फोनवर ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप कायम असतं. फुकट आहे, रेंज नसली तरी शेतातून नोंद करता येते, आणि पुण्याच्या जुन्या याद्याही त्यातच आहेत. पण या ॲपचा खरा कस इथल्या फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्यापुढे लागतो.

ब्रिटनमध्ये शिकारीसाठी दरवर्षी तीन कोटींहून जास्त फेझंट पाळून मोकळे सोडतात, असा अंदाज आहे. हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. सप्टेंबरात बांधावर दाण्याच्या पिंपाभोवती त्यांचे घोळके असतात, माणूस जवळ गेला तरी धड उडत नाहीत. ॲपवर ‘फेझंट, ६०’ टाकलं की यादीत एका जातीची भर पडते, कारण बाहेरून आणलेली ही जात इथे स्थिरावलेली मानली आहे. जूनमध्ये झुडपाखालून पिल्लं घेऊन जाणारी मादी आणि पिंपापाशी वाढलेला तो घोळका, दोघांचं मोल सारखंच.

रीव्ह्ज फेझंट या दुसऱ्या परदेशी जातीच्या बाबतीत मात्र ॲप चोख आहे. इथे तो ‘निसटलेल्या’, म्हणजे पाळलेल्यांतून सुटलेल्या पक्ष्यांच्या, गटात येतो. नोंद राहते, पण वेगळी, एकूण आकड्यात धरली जात नाही. दिसलेला पक्षी नाकारायचा नाही आणि यादीही फुगवायची नाही, हा मार्ग मला मनापासून पटतो.

माझा जीव अडकतो तो ग्रे पार्ट्रिज या तितराच्या जातभाईपाशी. हा अस्सल इथला पक्षी, गेल्या पन्नास-साठ वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घटलेला. काही इस्टेटींवर, म्हणजे मोठ्या खासगी जमिनींवर, तोही पाळून सोडतात. जात देशी असल्यामुळे ॲपमध्ये त्याच्यापुढे कसलीच खूण येत नाही. गट ठरतो जातीवरून आणि ठिकाणावरून, समोरच्या पक्ष्यावरून नाही. ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, त्याच्याच नकाशात पिंजऱ्यातले पक्षी मिसळून जातात.

म्हणून मी दिसेल तो पक्षी मोजते आणि शेऱ्यात लिहिते, ‘पिंपाजवळ, सोडलेले असावेत’. पिल्लं दिसली तर पक्षी इथे वीण करतोय हे सांगणारा ॲपमधला प्रजननाचा कोड हमखास देते. माझ्या वहीतल्या आयुष्यभरात पाहिलेल्या जातींच्या यादीत मात्र रानात आपणहून वीण करणाऱ्या पक्ष्यांनाच जागा आहे.

पाचपैकी चार तारे. नोंदीच्या पानावर ‘सोडलेला’ अशी टिक करायची एक चौकट द्या, पाचवा लगेच देईन.