फिओचे लेटन्सी हिस्टोग्राम : सात महिने वापरल्यानंतर

फिओ, म्हणजे ड्राइव्हचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, मी बरीच वर्षं वापरतोय. ड्राइव्ह लावायचा, चाचणी चालवायची, शेवटी येणाऱ्या सारांशातली सरासरी लेटन्सी (एका मागणीला लागलेला वेळ) आणि ९९.९ पर्सेंटाइल (हजारातल्या ९९९ मागण्या ज्या वेळेच्या आत उरकल्या तो आकडा) तक्त्यात भरायचं, की काम झालं. गेले सात महिने मात्र प्रत्येक चाचणीत सेकंदा-सेकंदाचा हिस्टोग्राम लिहून ठेवतोय, म्हणजे किती मागण्या किती वेळाच्या खणात पडल्या याची दर सेकंदाला एक ओळ. आता तो सोबत नसेल तर मी निकालावर सही करत नाही.

ही सवय एका एनव्हीएमई ड्राइव्हमुळे (वेगवान एसएसडी) लागली. ४ केबीचे रँडम राइट, ८ जॉब (एकाच वेळी चालणारी कामं), प्रत्येकाची क्यू डेप्थ ४ (एका वेळी चार मागण्या वाटेत). सरासरी १६७ मायक्रोसेकंद, ९९.९ पर्सेंटाइलही एकदम स्वच्छ. तरी डेटाबेसवाल्यांची तक्रार होती, मधूनच सगळं गोठतं. मग लॉग उघडला. एरवी एका जॉबच्या ओळीतले आकडे १६० मायक्रोसेकंदांच्या आसपासच्या खणांत दाटलेले, बेरीज सुमारे २५,०००. पण साधारण दर दीड मिनिटाला सलग चार ओळी अशा, की तिथे नुसती शून्यं, आणि पार उजवीकडे ४० मिलिसेकंदांपाशी जेमतेम शंभर नोंदी.

सारांशात हे दिसलं नाही, कारण ड्राइव्ह अडकला की फिओही नवी मागणी टाकायची थांबते. आठ जॉब मिळून त्या चार सेकंदांत ३,२०० राइट झाले, उरलेल्या ८६ सेकंदांत पावणेदोन कोटींच्या आसपास. वेळेच्या हिशोबाने चार टक्क्यांहून जास्त काळ ड्राइव्ह ठप्प, पण मोजणीत त्याचा वाटा ०.०२ टक्के. ९९.९ पर्सेंटाइलला तो दिसणार कसा? ९९.९९ ला दिसतो, पण ते राइट सलग अडकले की तासाभरात विखुरले, हे तोही सांगत नाही.

सेकंदाची सरासरी लॉग केली असती तरी हा खड्डा सापडला असता, हे खरं. पण दुसऱ्या एका ड्राइव्हमध्ये प्रत्येक सेकंदात दोन उंचवटे होते : बहुतेक रीड ९० मायक्रोसेकंदांना, आणि इरेजमागे (ड्राइव्ह जुनी जागा पुसत असताना) अडकलेले थोडे २ मिलिसेकंदांना. सरासरीत तो दुसरा उंचवटा पार विरघळून जातो.

मी फिओच्या ‘राइट हिस्ट लॉग’ या पर्यायाला फाइलचं नाव देतो, ‘लॉग हिस्ट एमसेक’ (किती मिलिसेकंदांनी ओळ लिहायची) १००० ठेवतो आणि ‘कोर्सनेस’ (खण किती ढोबळ) २. कोर्सनेस शून्य असताना ओळीत १,८५६ खण असतात, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला ते निम्मे होतात. २ वर ४६४ उरतात, चूक फार तर सुमारे तीन टक्क्यांची, माझ्या कामाला पुरे. प्रत्येक आयओची (रीड किंवा राइटची) वेगळी नोंद ठेवायची म्हटली तर सेकंदाला दोन लाख आयओंच्या वेगाने तासाला ७२ कोटी ओळी होतात. त्या वाटेला जाऊच नका. आणि लॉग तपासणीखालच्या ड्राइव्हवर कधीही लिहू नका.

सगळ्यात मोठा फायदा बेरजेचा. आठ जॉबच्या आठ पर्सेंटाइलची सरासरी काढणं साफ चूक, आणि ती चूक मी स्वतः वर्षानुवर्षं अहवालांत केली आहे. खणांतल्या नोंदी मात्र सरळ मिळवता येतात, मग हव्या त्या मिनिटाचं हवं ते पर्सेंटाइल काढा. त्यासाठीची पायथन स्क्रिप्ट फिओच्या सोर्समध्येच मिळते.

तक्रारी आहेत. रकान्यांना मथळे नाहीत, कुठला खण किती नॅनोसेकंदांचा हे फाइल सांगत नाही. फिओ २ चे लॉग मायक्रोसेकंदांत आणि १,२१६ खणांचे. असाच एक जुना लॉग नव्या हिशोबाने वाचण्यात माझी अख्खी दुपार गेली. तेव्हापासून लॉगशेजारी जॉब फाइल आणि फिओची आवृत्ती ठेवतोच. शिवाय यात फक्त कंप्लीशन लेटन्सी येते, म्हणजे मागणी सोपवल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतचा वेळ. मागणी सोपवली जाण्याआधीच खोळंबली असेल, तर तो वेळ इथे सापडणार नाही.

त्या पहिल्या ड्राइव्हचं काय झालं? तो पूर्ण पुसून २० टक्के जागा पार्टिशनबाहेर रिकामी सोडली आणि सहा तास तीच चाचणी चालवली. चार सेकंदांच्या जागी आता एखादीच ओळ उजवीकडे सरकते, तीही ६ मिलिसेकंदांपर्यंत. डेटाबेसवाल्यांना हाच आलेख दाखवला आणि त्यांनी ड्राइव्ह ठेवून घेतला.