गाडीचा क्लेम नाकारला: विमा लोकपाल की ग्राहक आयोग?

‘चूक तुमचीच होती’ एवढ्या कारणावर तुमच्याच कंपनीने क्लेम फेटाळला असेल, तर आधी पॉलिसी काढून वाचा. पूर्ण विमा (कॉम्प्रिहेन्सिव्ह) असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे चूक कोणाची यावर अडत नाहीत. मागून तुम्हीच ठोकलंत, तरी मिळतात. दारू पिऊन चालवणं, लायसन्स नसणं, या गोष्टी वेगळ्या. समोरच्याच्या कंपनीकडून भरपाई हवी असेल, तर खालचे दोन्ही रस्ते तुमचे नव्हेत. तिथे चूक ठरवतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण.

आता आपल्याच कंपनीशी भांडण.

विमा लोकपाल म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. त्याच्याकडे फी नाही आणि वकीलही देता येत नाही. ज्याला चार कागद नीट लावता येतात त्याच्या हे पथ्यावर पडतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नकारापासून वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. मर्यादा ५० लाख रुपये. निवाडा कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो, तुमच्यावर मात्र तो बंधनकारक नाही. पण मिळेल ते प्रत्यक्ष नुकसानीपुरतंच, मनस्तापाचे पैसे विसरा.

ग्राहक आयोगात मनस्ताप, व्याज, खर्च सगळं मागता येतं. मुदत २ वर्षं, तक्रार राहत्या जिल्ह्यात, आणि प्रीमियम ५ लाखांच्या आत असेल (गाडीचा असतोच) तर फी शून्य. वेळेचं मात्र बोलू नये. कायद्यात महिने लिहिलेत, हातात तारखा पडतात. वर कंपनी अपिलात जाऊ शकते.

माझं मत: सर्व्हेअरने (नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला तपासनीस) बिल कापलं असेल तर लोकपाल. ‘गाडी दुसराच चालवत होता’, ‘खाजगी गाडी भाड्याने दिली होती’ असा आरोप असेल तर आयोग, तोही वकील घेऊन. भाड्याच्याच एका प्रकरणात, अमलेंदू साहू खटल्यात (२०१०), सर्वोच्च न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारणं अमान्य करून काही रक्कम द्यायला लावली होती.

लोकपालाकडे हरलात तरी आयोग उरतो. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल मात्र तक्रार घेत नाही. म्हणून शंका असेल तर आधी लोकपाल, फक्त २ वर्षांच्या मुदतीवर डोळा ठेवून. आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत आजच लेखी मागा.