रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन दिवस: सॅकमध्ये कोणतं जेवण न्यावं?

कोरडा शिधा हलका आणि तयार पाकिटं (आधीच शिजवून बंद केलेलं जेवण) जड, असं रेंज ट्रेकला, म्हणजे एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जायला, निघणाऱ्या नव्या माणसाला हमखास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. एका माणसाच्या खिचडीचा पुडा 140 ग्रॅमचा असतो, पण तो शिजायला अर्धा लिटर पाणी लागतं. मुक्कामाशेजारी भरलेलं टाकं (कातळात खोदलेला पाण्याचा हौद) असेल तर त्या पाण्याचं ओझं नाही. टाकं नसेल तर तेच पाणी तासन् तास आपल्याच पाठीवर असतं. सह्याद्रीत जेवणाचं वजन पाण्यासकट करावं, हे माझं ठाम मत आहे आणि पुढची सगळी तुलना त्याच हिशोबाने केली आहे.

डोळ्यांसमोर वाट ठेवली आहे ती नेहमीची: रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरण. तीन दिवस, दोन रात्री, पाठीवर पूर्ण सॅक. अशा चालीला माणशी दिवसाला अडीच ते तीन हजार कॅलरी लागतात. खाली एका वेळच्या सुमारे 600 कॅलरींचा हिशोब आहे. किमती अंदाजे आहेत.

| जेवण | वजन | लागणारं पाणी | आच | खर्च |
|---|---|---|---|---|
| मूगडाळ खिचडी, 20 ग्रॅम तुपासह | 140 ग्रॅम | 450–500 मिली | 20 मिनिटं | 25 रु. |
| घरी भाजून नेलेला उपमा | 125 ग्रॅम | 300–350 मिली | 3 मिनिटं, मग झाकून | 20 रु. |
| इन्स्टंट नूडल्स, 2 पुडे | 140 ग्रॅम | 400–450 मिली | 5 मिनिटं | 30 रु. |
| तयार पाकीट, दीड | 450–500 ग्रॅम | नाही | नसली तरी चालते | 150–200 रु. |
| गुळपोळ्या | 150 ग्रॅम | नाही | नाही | 25 रु. |

वजन आणि पाणी या दोन रकान्यांची बेरीज करून पाहा. कोरड्या मुक्कामावर खिचडी पडते जवळपास 600 ग्रॅमला आणि ‘जड’ म्हणून हिणवलेलं पाकीट 500 ला. शिवाय खिचडीचं पातेलं धुवायला पाणी लागतं ते वेगळंच.

तरीही या वाटेवर रात्रीच्या जेवणाला मी खिचडीच निवडेन. रतनगडावर टाकी आहेत, हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ पाणी आहे आणि मधे कुमशेत, पाचनई ही गावं आहेत. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत पाण्याची ओढाताण सहसा होत नाही. डाळ-तांदूळ एकत्र पोटात गेले की दुसऱ्या दिवशीच्या चढाला पाय साथ देतात. नूडल्सनी पोट भरल्यासारखं वाटतं, पण त्यांत प्रथिनं कमी आणि मैदा जास्त, त्यामुळे रात्री दोनला भूक लागते. घामाने गेलेलं मीठ त्यांतून भरून निघतं आणि थकल्यावर ते खारट, गरम पाणी फार बरं वाटतं, हे मात्र मान्य. म्हणून ग्रुपमध्ये माणशी एक पुडा राखीव ठेवावा, रोजचं जेवण म्हणून नाही.

खिचडीचा खरा दोष म्हणजे वीस मिनिटांची आच. एक लिटर पाणी उकळायला साधारण 12 ते 15 ग्रॅम गॅस जातो, वारा असला तर आणखी. उघड्या पातेल्यात चौघांची खिचडी मंद आचेवर शिजवत बसलं की 230 ग्रॅमचा कॅन भराभर हलका होतो. छोटा कुकर न्यावा तर त्याचंच वजन जवळपास किलोभर. लाकडं गोळा करून चूल पेटवायचा विचारही नको. रतनगड आणि हरिश्चंद्रगड दोन्ही अभयारण्यात येतात आणि दिवाळीनंतरच्या वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

यावर आपल्याच घरात जुना तोडगा आहे. लहान बाळाच्या पेजेसाठी तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, भाजून जाडसर भरड काढतात, तीच काढायची. प्रमाण दोनास एक. जिरं, हळद, हिंग, मीठ आणि मिरपूड घरूनच मिसळून न्यावं. ही भरड उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटांत शिजते. त्याहून चांगलं म्हणजे चार मिनिटं उकळून गॅस बंद करावा आणि पातेलं घट्ट झाकून टॉवेलात किंवा स्वेटरमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवावं. बाकीचं शिजणं आतल्या वाफेवर होतं. तूप फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बाटलीतून न्यावं आणि वाढताना घालावं. एका ग्रॅम तुपात 9 कॅलरी, तांदळात साडेतीनच्या आसपास. सॅकमधलं सर्वात किफायतशीर वजन तुपाचं आणि शेंगदाण्याचं असतं. तीन दिवसांच्या शिध्यात मी दाण्याचं कूट कधीच कमी करू देत नाही.

सकाळच्या खाण्यात उपम्याला तोड नाही. रवा तेलात किंवा तुपात खमंग भाजायचा, त्यातच मोहरी, कढीपत्ता, लाल मिरची, शेंगदाणे यांची फोडणी, मीठ आणि किंचित साखर. गार झाल्यावर माणशी पुड्या बांधायच्या. कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची यांना अजिबात जागा नाही, त्यांच्या ओलाव्याने रवा खराब होतो. गडावर तिप्पट उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की झालं. पोहेही हलके, पण सॅकमध्ये जागा फार खातात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा चुरा होतो.

दुपारचं जेवण चालता चालता होतं, तिथे बर्नर काढूच नये. गुळपोळी, दशमी, शेंगदाण्याची चिक्की, लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी. दुधात मळलेली दशमी थंडीत दोन दिवस छान राहते, एप्रिलच्या उन्हात दुसऱ्या दुपारीच वास घेऊन बघावी लागते. गुळपोळी जास्त टिकते. भाकरी मात्र पहिल्या दिवसापुरतीच. तिच्यात पाण्याचं वजन बरंच असतं आणि नंतर ती वातड होते.

तयार पाकिटांचं तंत्र आपल्याकडे फौजी शिध्यातून आलं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यावर पुष्कळ काम केलं आहे. पाकिटात भरून सील केल्यावर उच्च तापमानाला निर्जंतुक केलेलं हे अन्न थंडही खाता येतं. खिंडीजवळ अंधार पडला, पाणी बाटलीपुरतंच उरलं आणि कुणात स्वयंपाकाचं बळ नाही, अशा वेळी त्याला पर्याय नाही. म्हणून चौघांत दोन पाकिटं न्यावीत. पण सगळी जेवणं त्यावर काढली तर खर्च पाच-सात पटींनी वाढतो आणि टाकीभोवती आधीच पडलेल्या चकचकीत कचऱ्यात भर पडण्याचा धोका असतो. रिकामं पाकीट पिळून, घडी घालून सॅकमध्येच परत यायला हवं. टाक्यातलं पाणी मागून येणाऱ्यांना प्यायचं असतं.

फ्रीज-ड्राइड, म्हणजे गोठवून पाणी काढून टाकलेलं, जेवण वजनाला सुरेख, उकळतं पाणी ओतलं की तयार. पण एका जेवणाच्या किमतीत चौघांची खिचडी तुपासकट होते. सह्याद्रीसाठी मी ते सुचवणार नाही. हिमालयात स्वतःचा शिधा घेऊन आठ-दहा दिवस जाणार असाल तर विचार करा. तिथे 4,000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं आणि अख्खी डाळ शिजता शिजत नाही. घरची भरड आणि उपमा मात्र तिथेही चालतात. गॅसचा कॅन विमानात नेता येत नाही, तो तिकडेच घ्यावा लागतो.

आणि एक जेवण सॅकमध्ये भरूच नका. पाचनईत किंवा कुमशेतमध्ये आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर गरम पिठलं-भाकरी मिळते. शनिवार-रविवारी हंगामात हरिश्चंद्रगडावरही जेवणाची सोय असते. पाठीवर शून्य ग्रॅम आणि पैसे गावातल्या घरात जातात. अलंग-मदन-कुलंगसारख्या अवघड गडांवर हा पर्याय नाही. तिथे कातळारोहण आहे, सॅक दोरावरून ओढावी लागते, म्हणून तिथे उपमा, भरड आणि गुळपोळी एवढंच.

या वाटेसाठी माणशी शिधा असा बांधा: सकाळच्या उपम्याच्या दोन पुड्या, एका रात्रीची भरड, दुसऱ्या रात्री गावात जेवण, दुपारसाठी गुळपोळ्या आणि दशम्या, दिवसाला 100 ग्रॅम चिक्की किंवा दाणे, एक नूडल्सचा पुडा राखीव आणि दुधाची पावडर. वजन दीड किलोच्या आसपास भरतं. फेब्रुवारीनंतर निघत असाल तर आधी गावात फोन करून कोणत्या टाक्यात पाणी आहे ते विचारा आणि उत्तर ‘नाही’ आलं तर भरडीच्या जागी पाकीट ठेवा.