कुरड्या घालू की नको: माझ्या हवामानाच्या साधनांचा हिशेब

मागच्या मे महिन्यात पाच किलो गव्हाचा चीक शिजवून स्लॅबवर कुरड्या घातल्या. फोनमध्ये आधीपासून असलेल्या ॲपवर पावसाची शक्यता शून्य टक्के आणि वर पिवळाधम्मक सूर्य. साडेचारला वावधन सुटलं, पाठोपाठ टपोरे थेंब. निम्म्या कुरड्या शेजारच्या टाकीवर जाऊन पडल्या. ते ॲप त्याच संध्याकाळी काढून टाकलं. आता नागपूरच्या नंदनवनातल्या घरी बसून मी काय बघते ते सांगते. सगळं फुकटात आहे.

पहिला मान नागपूरच्या डॉप्लर रडारचा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर त्याची चित्रं दिसतात, भोवतालच्या अडीचशे किलोमीटरपर्यंतची. ढग आत्ता कुठं आहे एवढंच ते दाखवतं, आणि मला तेवढंच हवं असतं. लागोपाठची तीन चित्रं पाहिली की ढगाची चाल कळते. माझ्या वहीत मे महिन्यातली बरीचशी वादळं पश्चिमेकडून, काटोलच्या अंगानं आलेली आहेत. काटोलला भावाची संत्र्याची बाग आहे. ‘ताई, इकडे लय गरजून राह्यलं वो’ असा त्याचा फोन आला की मी रडार उघडते. काटोल साठेक किलोमीटर, ढग ताशी चाळीसनं येत असेल तर हाती दीड तास. तेवढ्यात प्लास्टिक उचलून होतं, चहाही होतो.

एक खोडी लक्षात ठेवा. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. पहिला आठवडाभर मी १०:२० वाचून ‘हे तर सकाळचं चित्र’ म्हणत फोन ठेवून देत होते. ते दुपारी ३:५० चं होतं! शिवाय फोनवर चित्र इवलंसं दिसतं, चाळिशीवाल्यांनी कॉम्प्युटरवरच बघावं.

दुसरं साधन म्हणजे मेटार, विमानतळावरून वैमानिकांसाठी निघणारा हवेचा अहवाल. आमच्या सोनेगाव विमानतळाचा संकेत व्हीएएनपी. हा दर अर्ध्या तासाला येतो आणि जुन्या तारेसारखा दिसतो, पण घाबरू नका, मी त्यातल्या दोनच गोष्टी बघते. एक, तापमान आणि दवबिंदूची जोडी. ४३/०७ असेल तर हवा खडखडीत कोरडी, बिनधास्त घाला. ४०/१९ दिसलं की त्या दिवशी मुंगवड्या घरातच, पंख्याखाली. दवबिंदू चढला म्हणजे हवेत बाष्प आलं, बहुधा बंगालच्या उपसागराकडून. दुपारच्या उन्हानं ते वर उचललं की ढग फुगायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट, ‘सीबी’ ही अक्षरं. ती गडगडाटी ढगाची, म्हणजे क्यूम्युलोनिम्बसची खूण. आता ज्यांच्या टाकीवर कुरड्या पडल्या होत्या त्या काकूच सकाळी खालून विचारतात, ‘सीबी आलं का वो?’

विंडी हे हवामानाचं ॲप दिसायला देखणं आहे, नातवाला तेच आवडतं. दोन-तीन दिवस आधी कल आजमावायला ठीक. पण त्यातलं जीएफएस हे अंदाज काढणारं अमेरिकन मॉडेल २२ किलोमीटरच्या चौकोनात विचार करतं, म्हणजे एका चौकोनात अख्खं नागपूर मावतं. उन्हाळी वादळ त्याहून कितीतरी लहान असू शकतं, त्याला ते कसं सापडणार? युरोपियन मॉडेल ९ किलोमीटरचं, थोडं बरं. दोघांचं जमत नसेल त्या दिवशी मी गहू भिजवतच नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये हवं. गेल्या पंधरा मिनिटांत वीज कुठं पडली ते नकाशावर दिसतं, आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांसह. भावाला मी ते स्वतः टाकून दिलं, बागेत झाडाखाली उभं राहायची त्याची सवय आहे.

स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडे जरा जपून घ्यावेत. मे २०२४ च्या शेवटी नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी फिरली, तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी अक्षरशः खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. मी वही काढली. मे २०१३ मध्ये ४७.९ झालं होतं, त्यावर एकदम आठ अंशांची उडी? पुढं हवामान खात्यानंच संवेदकाचा बिघाड असल्याचं सांगितलं.

या सगळ्यांबरोबर एक साधं पर्जन्यमापक स्लॅबवर ठेवा, टाकी आणि कठड्यापासून लांब. मी रोज सकाळी साडेआठलाच मोजते, कारण हवामान खात्याचा दिवस तेव्हाच पालटतो आणि सोनेगावच्या आकड्याशी ताळा करता येतो. पावसाळ्यात कितीदा तरी तिकडं कोरडं असतं आणि माझ्या नळीत तीस मिलीमीटर.