बायपोलर असलेल्यांचा स्वमदत गट : दीड वर्षाच्या उपस्थितीनंतरचा अभिप्राय

बायपोलर आजार, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या चढावर तर कधी नैराश्याच्या उतारावर नेणारा मनोविकार, असलेल्या व्यक्तींनी स्वतःच चालवलेल्या एका स्वमदत गटात मी गेले दीड वर्ष नियमितपणे जात आहे. दर पंधरवड्याला दीड तासाची बैठक होते आणि आठ ते बारा जण गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. दोन्ही समन्वयकांना हाच आजार असून दोघेही अनेक वर्षे स्थिर आहेत. गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण खोलीतले खोलीबाहेर न नेण्याच्या नियमाला मीही बांधलेली आहे. मात्र अशा गटात जावे की नाही याचा विचार करणाऱ्यांना सेवा म्हणून तो कसा आहे हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्या तीन बैठकांनंतर मी जवळजवळ जाणे थांबवणार होते. मन मोकळे करायला मिळेल अशा अपेक्षेने मी गेले होते आणि तिथे मला विचारले गेले की गेल्या पंधरा दिवसांत रोज किती तास झोप झाली, किती गोळ्या चुकल्या आणि उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर आज मन कुठे आहे. प्रत्येकाने दोन मिनिटांत एवढेच सांगायचे आणि पुढच्याकडे वळायचे. एखाद्या कचेरीतल्या हजेरीपत्रकासारखा हा प्रकार मला कोरडा वाटला. मन मोकळे करण्याची वेळ त्यानंतर येते, आणि तिला पुरेसा अवधीही मिळतो. पण या गटाचे खरे मोल त्या कोरड्या पहिल्या फेरीतच आहे, हे समजायला मला सात महिने लागले.

उताराच्या काळात, म्हणजे नैराश्यात, आपण आजारी आहोत हे आपल्यालाही कळते आणि घरच्यांनाही दिसते. चढाचे, म्हणजे उन्मादाचे, तसे नसते. चढ सुरू होतो तेव्हा माणसाला आपण अखेर बरे झालो असे वाटते, आणि इतकी वर्षे मलूल चेहरा पाहिलेल्या घरच्यांनाही तेच वाटते. निदानाच्या निकषांनुसार सौम्य उन्माद म्हणण्यासाठी किमान चार दिवस आणि पूर्ण उन्माद म्हणण्यासाठी साधारणपणे एक आठवडा लक्षणे असावी लागतात. म्हणजे ओळखायला हाताशी असलेले दिवस मोजकेच, आणि त्याच दिवसांत ओळखणारी बुद्धी आजाराच्या बाजूने झुकलेली असते. सातव्या महिन्यातल्या एका बैठकीत मी अगदी प्रसन्नपणे सांगितले की चार दिवस रोज चारच तास झोपते आहे, काम झपाट्याने होते आहे आणि मन अधिक दोनवर आहे. खोलीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "चार तास झोपून दुसऱ्या दिवशी थकवा येतो का तुम्हाला?" मी अभिमानाने म्हणाले, "मुळीच नाही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. झोप न येणे वेगळे आणि झोपेची गरजच न वाटणे वेगळे."

मला राग आला. माझे चार चांगले दिवस या लोकांना बघवत नाहीत, असेही मनात आले. परंतु गटात दाखल होताना प्रत्येकाकडून एक कागद लिहून घेतात, ज्यावर आपल्या चढाची आणि उताराची पहिली चिन्हे स्वतःच्या अक्षरात नोंदवायची असतात. समन्वयकांनी माझा कागद काढून माझ्याच हातात दिला. त्यावर मीच लिहिले होते : 'रात्री कपाटे आवरायला काढते, सगळ्यांना सविस्तर निरोप पाठवते, कोणी थांबवले तर चिडते.' आदल्या रात्री दोन कपाटे आवरून झाली होती. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठले, त्यांनी औषधात बदल केला आणि दोन आठवड्यांच्या आत झोप पूर्ववत झाली. त्याआधीचा चढ इस्पितळात संपला होता.

नुसते एकत्र बसणे आणि काही शिकत एकत्र बसणे यांतला फरक संशोधनातही दिसला आहे. बार्सिलोना येथे फ्रान्सेस्क कोलोम, एदुआर्द व्हिएता आणि सहकाऱ्यांनी १२० रुग्णांचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही गटांची औषधे नेहमीप्रमाणे चालू होती. एका गटाला आजाराची चिन्हे, औषधांची शिस्त आणि दिनक्रमाची नियमितता यांविषयी २१ सत्रांचे शिक्षण मिळाले, तर दुसरा गट नुसता भेटत आणि बोलत होता. शिक्षण मिळालेल्यांमध्ये दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहिले आणि पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही हा लाभ टिकलेला आढळला. ती सत्रे तज्ज्ञांनी घेतली होती, तेव्हा तो निष्कर्ष आमच्या गटाला जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही कोणताही गट पारखताना मी आता एवढे पाहते की तिथे दुःख फक्त ऐकून घेतले जाते, की त्यातून काही नोंदवलेही जाते.

औषधांबाबत गटाचा नियम कडक आहे : मात्रा कोणी सुचवायची नाही आणि गोळी बंद करण्याचा सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. यापूर्वी मी दुसऱ्या एका गटात दोनदा गेले होते. तिथे एकाने आपण लिथियम, म्हणजे मनाचे चढ-उतार आटोक्यात ठेवणारे औषध, सोडून दिल्याचे जाहीर केले आणि त्याला टाळ्या मिळाल्या. लिथियम एकाएकी बंद केल्यास उन्माद उसळून येण्याचा धोका असतो, हे त्या खोलीत कोणीच बोलले नाही. मी तिसऱ्यांदा गेले नाही. सध्याच्या गटात लिथियमविषयी बोलणे होते ते अनुभवाच्या अंगाने होते. रक्ततपासणी शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी करायची, जुलाब किंवा खूप घाम होऊन शरीरातले पाणी कमी झाले तर सावध राहायचे, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घ्यायची नाहीत कारण त्यांनी रक्तातली पातळी वाढू शकते, आणि थायरॉइड व मूत्रपिंड यांच्या तपासण्या टाळायच्या नाहीत. हे सर्व माझ्या डॉक्टरांनीही सांगितले होते. पण हात थरथरत असताना चहाचा कप कसा धरावा हे ज्याने शोधून काढले आहे, त्याच्या तोंडून ऐकले तेव्हा ते माझ्या ध्यानात राहिले.

उणिवाही आहेत. टाइप दोन असलेल्यांना, म्हणजे ज्यांचे चढ सौम्य पण उतार दीर्घ असतात त्यांना, इस्पितळाच्या कहाण्यांपुढे आपले दुःख किरकोळ वाटू लागते. दोन जण याच कारणाने गळाले असा माझा अंदाज आहे आणि समन्वयकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. एकदा चढात असलेल्या एका सभासदाने तब्बल चाळीस मिनिटे एकट्याने घेतली आणि त्यांना हळुवारपणे थांबवणे कोणालाच जमले नाही. ऑनलाइन बैठका मला निम्म्या उपयोगाच्या वाटतात, कारण पडद्यावर चेहरा दिसतो, पण अस्वस्थपणे हलणारे पाय दिसत नाहीत. व्हॉट्सॲप गटातून तर मी बाहेरच पडले; रात्री दोन वाजता येणारे लांबलचक संदेश पाठवणाऱ्यालाही हितकारक नसतात आणि वाचणाऱ्यालाही नाहीत. आप्तांसाठी स्वतंत्र बैठक नाही. शुभार्थींइतकीच (आजार असलेल्यांइतकीच) शुभंकरांनाही (त्यांची काळजी घेणाऱ्या आप्तांनाही) बसायला जागा हवी, ही मागणी मी दोनदा केली आहे.

एक गोष्ट मात्र ते स्वच्छपणे सांगतात : आत्महत्येचे विचार येत असतील तर पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही. प्रत्येकाकडे डॉक्टरांचा आणि जवळच्या एका माणसाचा क्रमांक लिहिलेला आहे ना, याची खात्री ते पहिल्याच दिवशी करून घेतात. गट म्हणजे उपचार नव्हे, हे गटानेच सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. ऐन चढात किंवा इतक्या खोल उतारात, की दोन वाक्ये ऐकणेही जड जाते, अशा वेळी येथे येण्याची घाई करू नये. औषधांनी थोडी स्थिरता आल्यावर यावे आणि निदान चार बैठका तरी बसून पाहाव्यात.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण राखून ठेवला आहे तो वेळेसाठी. झोपेची वेळ मोडू नका असे दर वेळी बजावणारी ही बैठक रात्री साडेनऊला संपते, आणि घरी पोहोचून डोळा लागेपर्यंत बारा वाजतात. पहिल्या फेरीत माझ्या झोपेचे आकडे वाचताना त्या एका रात्रीचा आकडा दर पंधरवड्याला कमी असतो, आणि त्याचे कारण खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असते.